एक दिवस कुठंच न जाण्याचा

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी याद्या सुरू होतात. कुठं जायचं, किती वाजता निघायचं, वाटेत काय काय बघायचं. पूर्वी ही यादी वहीच्या मागच्या पानावर असायची, आता ती मोबाईलमध्ये असते, एवढाच फरक. पहाटे पाचला निघायचं, आठला नाश्ता, दहाला देऊळ, बाराला किल्ला, जेवण उरकून दोनला धबधबा आणि सूर्यास्ताला समुद्र. रात्री लॉजवर पोचेपर्यंत कुणाचे पाय दुखत असतात, कुणाचं डोकं, आणि घरातल्या बाईचं दोन्ही. तरी उद्याच्या यादीत आणखी चार ठिकाणं असतातच. चार दिवसांनी घरी आल्यावर शेजारीण विचारते, "कशी झाली सहल?" उत्तर ठरलेलं असतं, "छान झाली. पण आता दोन दिवस विश्रांती पाहिजे बघा."

मंडळी, विश्रांतीसाठी गेलेल्या माणसाला परत आल्यावर विश्रांती लागते, यात कुठंतरी हिशेब चुकतोय, असं नाही वाटत तुम्हाला?

आमच्या घरात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. ती म्हणजे आई, माझ्या सासूबाई. वय शहात्तर. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला. दहा वर्षांपूर्वी सहल म्हटलं की सगळ्यांच्या आधी त्यांची पिशवी भरलेली असायची. चिवड्याचा डबा, लिंबाचं लोणचं, अमृतांजनची बाटली, सगळं जागच्या जागी. मग हळूहळू एक वाक्य आमच्या सहलींत शिरलं. पन्हाळ्याला तटबंदीवर चढायची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही जावा, मी गाडीतच बसते." गोकर्णाला वाळूत पाय रुतायला लागले, तिथंही तेच. म्हैसूरला राजवाड्यातली गर्दी लांबून बघूनच त्या म्हणाल्या, "मी आपली गाडीतच बसते."

बऱ्याच घरांत हे वाक्य ऐकू येत असेल. अशा वेळी गाडीची काच थोडी खाली करून ठेवली जाते, पाण्याची बाटली हातात दिली जाते, 'अर्ध्या तासात आलोच' असं सांगितलं जातं आणि मंडळी परततात दीड तासानं. ती बाटली तशीच भरलेली असते. प्रवासात म्हातारी माणसं पाणी प्यायचं कमी करतात, बायका तर हमखास. कारण कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. संडास कुठं मिळेल, तिथं किती पायऱ्या असतील, खाली बसायचा असला तर उठायचं कसं? त्यापेक्षा तहान बरी, असा त्यांचा हिशेब.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीआधी मात्र आईंचं वाक्य बदललं. यादी वाचून झाली, त्यांनी ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "या वेळी तुम्ही जावा. मी घर राखते."

गाडीत बसते म्हणणारं माणूस निदान गाडीत तरी असतं. घर राखते म्हणणारं माणूस सहलीतून बाहेर पडलेलं असतं. आणि एकदा बाहेर पडलं की परत येत नाही, हे मी माझ्या माहेरी बघितलेलं आहे. माझी आजी एका सुट्टीला घरी राहिली, मग पुढच्याही, आणि मग तिला कुणी विचारेनासं झालं. 'तिला झेपत नाही' हे सगळ्यांनी तिच्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

आमची मुलगी कॉलेजात आहे. तिनं यादीचा मोबाईल वडिलांच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "आज्जीला गाडीत बसावं लागणार नाही असं गाव हुडकू या. आणि मधला एक दिवस कुठंच जायचं नाही."

"कुठंच जायचं नाही म्हणजे?" यांना कळेना. "शंभर किलोमीटर पेट्रोल जाळून तिथं नुसतं बसायचं? नुसतं बसायला आपल्या दारातला कट्टा काय वाईट आहे?"

"कट्ट्यावर बसल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येते," मी म्हणाले. त्यावर कुणी काही बोललं नाही. गाव ठरलं, सावंतवाडी.

आता तुम्ही म्हणाल, सावंतवाडी काय, हाकेच्या अंतरावर तर आहे. खरं आहे. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, चंदगडची हद्द, आंबोली आणि घाट उतरून दाणोली. सगळं मिळून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. हा वेंगुर्ल्याचा जुना रस्ता. आपल्याकडे रेल्वे येण्याआधी घाटावरचा माल याच वाटेनं वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि बंदरातला माल बेळगावात चढायचा. पण आता गोव्याला जायचं तर आपण चोर्ल्यानं जातो. मुंबईहून गोव्याला जाणारी गाडी झारापच्या पुढं वळणरस्त्यानं गावाबाहेरूनच पत्रादेवीकडं निघून जाते. त्यामुळं सावंतवाडी हे पाटीवर वाचायचं गाव होऊन बसलंय. तिथं थांबायचं असतं, हे फारसं कुणाच्या यादीत नसतं.

आम्ही एकूण सात माणसं होतो. आम्ही दोघं, आई, मुलगी, सातवीतला मुलगा, वन्सं आणि त्यांची चार वर्षांची छकुली. आंबोलीला थांबून चहा घेतला. वर्षाला साडेसातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं ते गाव ऑक्टोबरातही ओलं होतं. हिरण्यकेशीचा उगम तिथलाच, आणि ती नदी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आपल्याच बाजूला येते, हे मुलाला सांगितलं. घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना भातं पिवळी झालेली. संध्याकाळी सावंतवाडीत शिरलो. लॉज बघताना मुलीनं तीनच प्रश्न विचारले होते. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि तलाव चालत किती लांब आहे.

सावंतवाडीचा मोती तलाव गावाच्या बाहेर नाही, गावाच्या मधोमध आहे. एका काठाला राजवाडा, बाकीच्या काठांनी रस्ता, आणि त्या रस्त्याला लागून सगळं गाव. बाजार, औषधांची दुकानं, खानावळी, एसटी स्टँड, सगळं चालत जाण्यासारखं. मागं नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत. राजवाड्यासमोरचा हा तलाव १८७४ सालचा. म्हणजे तो निसर्गानं दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. आपण ज्या तलावांची नावं काढून दूरवर जातो, त्यांतलेही कितीतरी असेच माणसांच्या हातचे आहेत. उटीचा तलाव १८२४ च्या सुमारास जॉन सलिव्हननं करवून घेतला, कोडाईकनालचा १८६३ साली व्हेरे लेव्हिंज या कलेक्टरनं. गावात पाणी असावं, आणि त्या पाण्याकाठी माणसांना बसता यावं, हा विचार कुणीतरी आधी केला म्हणून आपण आज तिथं बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आई उठून बसल्या होत्या. "कुठं जायचं नाही म्हणजे आंघोळ तरी करायची का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमची मर्जी. त्यांनी आंघोळ केली, इरकल नेसल्या, काठी घेतली आणि सातला आम्ही तलावावर गेलो. पाण्यावर पातळ धुकं होतं. पावसाळा नुकताच संपलेला, तलाव काठोकाठ भरलेला. एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता, अगदी दोरीवर टाकलेल्या छत्रीसारखा. काठानं गावातली माणसं फिरत होती. कुणी भराभर चालणारे, कुणी गप्पा मारत रेंगाळणारे. काठावर केशवसुतांच्या नावाचा कट्टा आहे, त्याच्या पुढं जरा सावलीची जागा बघून आई बसल्या. आम्ही त्यांच्याभोवती घुटमळत उभे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघत बसलाय? जावा की फिरायला. मी हितं बसलीये."

ऐकलंत ना? 'मी हितं बसलीये.' 'गाडीत' नाही.

आम्ही निघालो. पन्नास पावलांवर गेल्यावर मी मागं वळून बघितलं, त्या दिसत होत्या. शंभर पावलांवर वळून बघितलं, तरी दिसत होत्या. तलावाचं वळण घेऊन समोरच्या काठाला गेलो, तर पाण्यापलीकडं त्यांची हिरवी इरकल आणखीच ठळक दिसत होती. आणि त्यांनाही आम्ही दिसत होतो, कारण त्यांनी काठी वर करून हलवली.

त्या क्षणी मला तलावाचं मर्म कळलं, असं म्हटलं तरी चालेल. समुद्रावर गेलं की पोरांचा हात सोडता येत नाही. लाट कधी येईल सांगता येत नाही. धबधब्याला गेलं की पायऱ्या, शेवाळ, आणि आवाज इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. किल्ल्यावर ज्याला चढवतं तो वर, ज्याला चढवत नाही तो खाली, आणि मध्ये भिंती. जत्रेत तर हरवायचीच भीती. गावातल्या छोट्या तलावाभोवती मात्र घरच्या माणसांना विखुरताही येतं आणि एकमेकांच्या नजरेतही राहता येतं. ज्याला भरभर चालायचंय त्यानं पुरी फेरी मारावी, ज्याला दमायला होतं त्यानं पाव फेरीत बसावं. वाट सपाट. पुढं गेलेला माणूस फिरून तुमच्याकडंच येणार. कुणाला कुणासाठी थांबायला नको, आणि कुणाला मागं राहिल्यासारखंही वाटायला नको.

आम्ही फेरी पुरी करून परत आलो, तर आईंच्या शेजारी एक आजीबाई येऊन बसलेल्या. नऊवारी, हातात अबोलीचा गजरा. त्यांनी "वायच सरका बघू" म्हणून जागा करून घेतली होती आणि "खंयसून इलात?" इथून सुरुवात झाली होती. आई म्हणाल्या, बेळगावहून. "अगो बाई! माझी भयण दिलेली आसा थंय, शापुरात!" झालं. शहापूर म्हटल्यावर कुठली गल्ली, कुणाच्या घरी, तिथपर्यंत मजल गेली. मग गुडघे, मग गुडघ्यांवरचं तेल, मग कोकमं यंदा कशी झाली, मग सुना. आम्ही आल्याबरोबर सुनांचा विषय बंद झाला, यावरून तो चालू होता हे मी ओळखलं! दीड तास त्या दोघी बोलत होत्या. एकमेकींची भाषा सगळी कळत होती असं नाही. पण अडत काहीच नव्हतं. उठताना त्या आजीबाईंनी गजऱ्यातला निम्मा तोडून आईंच्या अंबाड्यात खोवला.

नाश्त्याला आंबोळ्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. त्या कुणी केल्या मला माहीत नाही, भांडी कुणी घासली तेही माहीत नाही. 'माहीत नाही' या दोन शब्दांत केवढं सुख असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको. एरवी सहलीत बाईची सुट्टी होते असं आपण समजतो. पण रात्री ओले टॉवेल वाळत घालणं, सकाळी सगळ्यांच्या बॅगा भरणं, कुणाची गोळी, कुणाचा मोजा, वाटेतलं खाणं, हे सगळं तिच्याचकडं असतं. रोज गाव बदललं की हे सगळं रोज. एका गावी दोन रात्री राहिल्यामुळं त्या दिवशी एकही बॅग भरायची नव्हती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आज मी सकाळपासून एकदाही 'आटपा' म्हणालेली नाही." खरंच की! आमच्या घरात सुट्टीच्या दिवशी सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द तोच आहे.

दहाच्या सुमाराला राजवाड्यात गेलो. जायचंच असं ठरलं नव्हतं. समोर दिसत होता म्हणून गेलो. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, जांभ्या दगडाचा तांबडा राजवाडा. दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले असतात. गंजिफा म्हणजे आपले जुने पत्ते, पण गोल. पूर्वी कापडावर चिंचोक्याची खळ चढवून, घोटून, त्यावर बारीक कुंचल्यानं चित्र काढायचे आणि वरून लाखेचं रोगण. ही कला अगदी संपत आली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी चितारी कारागिरांना हाताशी धरून ती परत उभी केली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या. सासरी आल्यावर इथल्या म्हाताऱ्या कारागिरांकडून त्या स्वतः ही कला शिकल्या, आणि २०१८ साली निधन होईपर्यंत त्यांनी तिची पाठ सोडली नाही.

मुलाला पत्त्यांचा हिशेब फार आवडला. दशावतारी गंजिफात दहा रंग. एकेका अवताराचा एक रंग, आणि रंगात बारा पानं. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. म्हणजे एकशेवीस. मोगल गंजिफात आठ रंग, शहाण्णव पानं. गंमत पुढंच आहे. दशावतारीत अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा! मुलाला हे लगेच पाठ झालं. पण अवतारांचा क्रम येईना. मत्स्य, कूर्म, वराह... आणि पुढं गाडी अडली. आई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घडाघडा दहाही नावं म्हटली. मग दोघांचा खेळच सुरू झाला. त्या नाव सांगणार आणि तो खूण शोधणार. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशु. वराहाला शंख का, यावर दोघांचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. परवाच्या परीक्षेत या मुलाला दहा अवतार कुणी विचारणार नाही, पण ते त्याला आता जन्मभर येतील. आणि ते कुणी शिकवले हेही त्याला आठवेल.

दुपारचं जेवण खानावळीत झालं. आईंसाठी आणि वन्संसाठी वालाची उसळ, भात, सोलकढी, आमच्यासाठी मासे. ऊन चांगलंच तापलं होतं. खोलीवर येऊन सगळे झोपले. सहलीत दुपारी झोपायचं असतं, हे यांना इतकं नवीन होतं, की झोपायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे आता काहीच नाही?" काहीच नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत घोरायला लागले.

चारनंतर चितारआळीत गेलो. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्याकडे घरोघरी गौरीपुढं मांडलेली असतात. आंबे, केळी, सीताफळं, अगदी खऱ्यासारखी. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं आणि कोरायला मऊ, म्हणून खेळण्यांना चांगलं. छकुलीनं भातुकली घेतली. जातं, पोळपाट-लाटणं, कपबश्या. दुकानात पिशवीत घालू दिली नाही. तशीच कवळ्यात धरून तलावावर आणली आणि काठावर संसार मांडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खोटा चहा देत होती. गंमत म्हणजे लोक थांबून तो पीत होते. एक सद्गृहस्थ तर फेरी मारून दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मगाशी साखर कमी होती." छकुलीनं लगेच साखर घातली.

तलावाकाठीच आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचं उद्यान आहे. ते या भागातलेच. मुलगा आणि छकुली तिथं खेळत होती, मुलगी वही घेऊन राजवाड्याचं चित्र काढत होती, वन्सं एकट्याच चालायला गेल्या. त्या एकट्या चालायला गेल्या हे मला विशेष वाटलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना हातात पिशवी किंवा मूल नसताना बघितलंच नव्हतं. हे कुणाशी तरी रस्त्यात उभे राहून भाताच्या भावावर बोलत होते. आणि मी आईंजवळ बसले होते. काही न बोलता. तेवीस वर्षांच्या संसारात सासू आणि सून काही कामाशिवाय शेजारी-शेजारी बसण्याचे प्रसंग किती येतात, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं.

उन्हं उतरली तशा आई म्हणाल्या, "काठी दे. थोडं चालून बघते." आम्ही चाललो. दहा-वीस पावलं, मग बसायचं. पुन्हा थोडं चालायचं. बसायला जागा जवळ-जवळ होत्या म्हणून हे जमलं. बसायला जागा आहे याची खात्री असली की म्हातारं माणूस चालायला तयार होतं. चालायला पाय लागतात तितकाच हा भरवसा लागतो. असं करत-करत राजवाड्यासमोरून निम्मा तलाव त्या चालल्या. दिवे लागले होते आणि त्यांची लांब-लांब प्रतिबिंबं पाण्यात उतरली होती. पलीकडून मुलगा ओरडला, "आज्जी, अर्धा झाला!" त्या म्हणाल्या, "अर्धा राहिलाय, ते त्याला सांग."

रात्री खोलीवर त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला. पिऊन झाल्यावर सहज म्हणाल्या, "आज चार तांबे झाले." मला काय म्हणायचंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. लॉज पाच मिनिटांवर होता, खोली तळमजल्यावर होती, आणि गाडी दिवसभर जागची हलली नव्हती. एवढ्यानं ते झालं.

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याचा समुद्र बघून परत निघालो. तिथं आई पाच मिनिटं उतरल्या आणि मग गाडीत जाऊन बसल्या, पण कुरकुर न करता. आदल्या दिवसाची शिल्लक होती ना! घाट चढताना त्यांनी यांना विचारलं, "काय रे, रंकाळ्याला असंच बसायला आहे का?" हे गाडी चालवत होते. म्हणाले, "आहे की." आणि आरशातून माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. पुढच्या सुट्टीची यादी तिथंच सुरू झाली, आणि ती या वेळी आईंनी सुरू केली होती.

वाचकहो, सगळी ठिकाणं सोडून द्या असं मी म्हणत नाही. किल्ले बघावेत, समुद्रावर जावं, लांबचे प्रवास करावेत. तरुण मुलांनी तर करावेतच. पण घरातली सगळी माणसं मिळून निघणार असलो, तर त्या यादीत एक दिवस असा ठेवावा, की ज्या दिवसाची गती घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची असेल. तो दिवस सहलीच्या मध्ये ठेवावा. शेवटी ठेवला तर तो नक्की गळतो. त्या दिवशी गाव बदलू नये. तलावाचं गाव असेल तर फारच चांगलं. खोली घेताना तळमजला, संडास आणि अंतर या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. खिडकीतून काय दिसतं ते नंतर. एक हलकी घडीची खुर्ची गाडीत टाकावी. म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता हाताच्या पिशवीत ठेवाव्यात. आणि कुठल्याही परिस्थितीत 'मग दुपारी काय करायचं?' हा प्रश्न आदल्या रात्री विचारू नये.

आणखी एक. तळं आपल्या गावालाही आहे. किल्ला तलावाच्या काठावर २०१८ साली ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला, तेव्हा मान वर करून बघायला आपण सगळे गेलो. त्यानंतर घरच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन तिथं नुसतं बसायला किती जण गेले असतील? त्याला ना रजा लागते, ना लॉज. आमच्या आई गेल्या महिन्यात दोन रविवार तिथं जाऊन आल्या. सोबत नातू आणि पत्त्यांचा कॅट. गोल पत्ते परवडले नाहीत, म्हणून साधेच. पण खेळ दशावतारीच चालतो, एक्का कधी मोठा आणि दश्शी कधी मोठी, हे आई आपल्या सोयीनं ठरवतात.

तुमच्या घरी 'मी गाडीतच बसते' म्हणणारं कुणी असेल, तर त्यांना या सुट्टीत कुठं नेलंत, आणि त्या उतरल्या का, हे जरूर लिहून कळवा. अशा जागांची एक यादी आपण सगळ्यांनी मिळून करू. याद्या करायची आपल्याला हौस आहेच, तर एखादी अशीही होऊ दे.